फोनवर पितळ, सागवान आणि काळा दगड खरा दिसावा, यासाठी शेडरमध्ये काय ठेवायचं आणि काय बाहेर काढायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जुन्या वाड्याचा दिवाणखाना मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनवर फिरून पाहता येईल असा उभा केला आहे. पितळी समया आणि लामणदिवे, पॉलिश केलेले सागवानी खांब, घोटलेल्या काळ्या दगडाची फरशी, चौकातून आत येणारं ऊन आणि वीसेक दिवे, असा सगळा थाट. पृष्ठभागाच्या चकाकीसाठी जीजीएक्स हे सूत्र वापरलं आहे. शेडरमध्ये (पिक्सेलचा रंग काढणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) प्रत्येक पिक्सेलला सगळ्या दिव्यांचं लूप चालतं, शिवाय भोवतालच्या प्रतिबिंबासाठी प्रत्येक पिक्सेल क्यूबमॅपमधून (सहा दिशांना टिपलेल्या भोवतालच्या चित्रातून) ३२ नमुने घेतो. सेकंदाला अकरा-बारा फ्रेम मिळतात, फोन तापतो, आणि एवढं करूनही पितळेवर पांढरे ठिपके लुकलुकतात. विचारलं आहे की वास्तवता आणि वेग दोन्ही मिळतील का, की निमूटपणे फोंगच्या जुन्या सूत्राकडे परतावं? आणि हार्डवेअर रे ट्रेसिंगकडे (चिपच्या मदतीने प्रकाशकिरणांचा माग काढण्याकडे) वळणं हा उपाय आहे का?

दोन्ही मिळतील. फोंगकडे परतू नका, कारण तुमचा वेळ जीजीएक्सच्या सूत्रात जात नाहीये. बुइ तुओंग फोंग यांनी १९७३ मध्ये यूटा विद्यापीठातल्या प्रबंधात मांडलेलं चकाकीचं सूत्र आणि २००७ मध्ये वॉल्टर, मार्श्नर, ली आणि टोरन्स यांनी मांडलेलं जीजीएक्स यांत एका दिव्यामागे फरक पडतो तो काही गुणाकार-भागाकारांचा. तुमचा खर्च आहे तो आकड्यांच्या गुणाकारात. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. प्रत्येकी ३२ नमुने म्हणजे एका फ्रेममध्ये ६ कोटी ६० लाखांहून जास्त वेळा टेक्स्चर (मेमरीत ठेवलेलं चित्र) वाचणं. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर हा आकडा २०० कोटींच्या घरात जातो, आणि दिव्यांचं लूप त्यावर वेगळं. सूत्र स्वस्त करून हा डोंगर हलणार नाही.

आधी मात्र एक खात्री करून घ्या. फ्रॅगमेंट शेडरमध्ये, म्हणजे पिक्सेल रंगवणाऱ्या शेडरमध्ये, सगळं काढून फक्त एक सपाट रंग परत करा आणि फ्रेमचा वेळ बघा. वेळ फारसा घटला नाही, तर दोष प्रकाशात नाही; तो व्हर्टेक्समध्ये (त्रिकोणांच्या कोपऱ्यांच्या गणितात), ड्रॉ कॉलमध्ये (वस्तू रंगवण्याच्या हुकमांत) किंवा मेमरीत आहे. घटला, तर मूळ शेडर परत लावून रेझोल्यूशन दोन्ही दिशांनी निम्मं करा. वेळ जवळपास चौथाईवर आला म्हणजे पिक्सेलचा खर्चच खरा. हे मोजमाप फोन दहा मिनिटं चालल्यानंतर घ्या. थंड फोनचे आकडे फसवे असतात, कारण तापल्यावर चिप स्वतःचा वेग उतरवते आणि वापरणाऱ्याला तोच उतरलेला वेग मिळतो.

आता मुख्य मुद्दा. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलेलं रेंडरिंग समीकरण सांगतं, की एखाद्या बिंदूवरून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे त्या बिंदूचा स्वतःचा प्रकाश, अधिक अर्धगोलातल्या प्रत्येक दिशेने येणारा प्रकाश गुणिले पृष्ठभागाचा प्रतिसाद गुणिले कोनाचा कोसाइन, या सगळ्याची बेरीज. ही बेरीज दर फ्रेमला, दर पिक्सेलला नव्याने करणं फोनला परवडणारं नाही. पण तिच्यातला प्रत्येक घटक प्रत्येक गोष्टीवर अवलंबून नसतो. कागद घ्या आणि लिहून काढा: हा घटक जागेवर अवलंबून आहे का? पाहणाऱ्याच्या दिशेवर? वेळेवर? रफनेसवर, म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर? जो घटक पाहणाऱ्यावर आणि वेळेवर अवलंबून नाही, तो आधीच मोजून ठेवायचा. जो दोनच आकड्यांवर अवलंबून आहे, त्याचं दोन मितींचं टेक्स्चर करायचं. जो खरोखर सगळ्यांवर अवलंबून आहे, तेवढाच पिक्सेलमध्ये राहू द्यायचा. पृष्ठभागाच्या प्रकाशाचं कार्यक्षम गणित म्हणजे बहुतांशी हीच विभागणी आहे आणि तुमच्या दिवाणखान्याला ती फार छान लागू पडते.

विखुरलेल्या प्रकाशापासून सुरुवात करू, कारण तिथे सगळ्यात जास्त वाचतं. लँबर्ट पृष्ठभागाचं (सगळ्या दिशांना सारखाच उजळ दिसणाऱ्या पृष्ठभागाचं) विखुरणं पाहणाऱ्याच्या दिशेवर अवलंबूनच नसतं. भिंती, खांब, फरशी हलत नाहीत. म्हणून चौकातलं ऊन, आकाशाचा उजेड आणि त्यांची भिंतीभिंतींवरून होणारी उसळी हे सगळं लाइटमॅपमध्ये (पृष्ठभागावरचा प्रकाश साठवणाऱ्या टेक्स्चरमध्ये) आधीच मोजून ठेवा. पिक्सेलला उरतं एक टेक्स्चर वाचणं. लँबर्टच्या जागी बर्ली यांचं किंवा ओरेन-नायर यांचं सूत्र वापरलं तर चुन्याच्या भिंतीवर थोडा फरक दिसतो, पण फोनच्या पडद्यावर तो शोधावा लागतो. माझा सल्ला: लँबर्टच ठेवा.

दिव्यांच्या ज्योती लुकलुकतात म्हणून त्यांचा प्रकाश लाइटमॅपमध्ये घालता येत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. घालता येतो. प्रकाशाचं वहन रेषीय असतं: दिवा दुप्पट तेजस्वी झाला की त्याची सगळी उसळीही बरोबर दुप्पट होते. म्हणून दिव्यांचे चार गट करा, प्रत्येक गटाचा प्रकाश उसळीसकट वेगळा मोजा आणि एकाच टेक्स्चरच्या चार चॅनेलमध्ये ठेवा. शेडरमध्ये त्या चार आकड्यांना त्या क्षणीच्या चार गटांच्या तेजाने गुणून बेरीज करायची, आणि ज्योतीच्या पिवळट रंगाने गुणायचं. वीस दिव्यांचं लुकलुकणं, सावल्या आणि उसळीसकट, एका टेक्स्चर वाचण्यात मिळतं. यात एक गोष्ट हातची जाते: लाल जाजमावरून उसळलेला प्रकाश भिंतीला लाल छटा देणार नाही, कारण एका चॅनेलमध्ये रंग मावत नाही. सगळे दिवे एकाच उबदार रंगाचे असताना ही तडजोड मला पूर्ण मान्य आहे. उन्हासाठी मात्र तीन चॅनेलचा स्वतंत्र लाइटमॅप ठेवा, तिथे रंग लपत नाही.

हलणाऱ्या वस्तूंना लाइटमॅप चालत नाही: झोपाळा, उघडणारी दारं, हातात घेऊन फिरवता येणारी समई. त्यांच्यासाठी दिवाणखान्यात ठिकठिकाणी प्रोब (त्या जागी सगळीकडून येणारा प्रकाश नोंदवणारे बिंदू) ठेवा आणि प्रत्येक प्रोबमध्ये गोलीय हार्मोनिक्सचे, म्हणजे दिशांवर पसरलेला प्रकाश थोडक्या आकड्यांत मांडणाऱ्या फलनांचे, नऊ गुणक. तीन रंगांचे मिळून २७ आकडे. रवी राममूर्ती आणि पॅट हॅनरहान यांनी २००१ मध्ये दाखवलं की लँबर्ट पृष्ठभागासाठी एवढेच गुणक पुरतात आणि सरासरी चूक १ टक्क्याच्या आसपास राहते. याचं कारण कोसाइनमध्ये आहे. अर्धगोलातला प्रकाश कोसाइनने वजन देऊन बेरजेला घेतला की बारीक तपशील आपोआप पुसला जातो. या गुणकांच्या, ढोबळ तपशिलाकडून बारीककडे जाणाऱ्या, पहिल्या तीन पट्ट्यांचे गुणाकार ३.१४, २.०९ आणि ०.७९ असे उतरत जातात, चौथ्या पट्टीचा गुणाकार नेमका शून्य असतो आणि पाचवीचा उणे ०.१३. म्हणजे नऊ गुणकांच्या पुढे जाऊन मिळवण्यासारखं फारसं काही उरत नाही. एक धोका लक्षात ठेवा. चौकाकडून एकाच बाजूने प्रखर ऊन येत असेल, तर विरुद्ध बाजूला उत्तर ऋण होतं आणि समईच्या मागे एक विचित्र काळा डाग दिसतो. वरच्या पट्ट्यांचे गुणक थोडे दाबले की डाग जातो. त्या बदल्यात उजेड किंचित पसरट होतो. आणि थेट ऊन प्रोबमध्ये मुळातच घालू नका, ते वेगळ्या दिव्यासारखं हाताळा.

आता पितळ. धातूला विखुरणं जवळपास नसतंच, त्याचं सगळं रूप प्रतिबिंबात असतं. म्हणून तुमचे ३२ नमुने तिथे खर्च होतात आणि ठिपकेही तिथेच येतात. खिडकीसारखा छोटा पण अतितेजस्वी भाग ३२ पैकी एखाद्याच नमुन्यात सापडला की तो पिक्सेल पांढरा होतो आणि शेजारचा होत नाही. नमुने वाढवून ठिपके कमी होतील, पण खर्च त्याच पटीने चढेल.

इथे ब्रायन करिस यांनी २०१३ मध्ये सिग्राफमध्ये अनरियल इंजिन ४ साठी मांडलेली युक्ती वापरा. आत येणारा प्रकाश आणि पृष्ठभागाचा प्रतिसाद यांच्या गुणाकाराची एकत्र बेरीज करण्याऐवजी दोघांच्या बेरजा वेगवेगळ्या करायच्या आणि मग त्यांचा गुणाकार घ्यायचा. भोवताली सगळीकडे सारखाच उजेड असेल तर हे तंतोतंत खरं आहे. खऱ्या खोलीत ते अंदाजे खरं आहे, आणि डोळ्याला पटतं. पहिली बेरीज फक्त परावर्तनाच्या दिशेवर आणि रफनेसवर अवलंबून राहते, म्हणून ती क्यूबमॅपच्या मिप पातळ्यांमध्ये (त्याच चित्राच्या उत्तरोत्तर लहान आवृत्त्यांमध्ये) भरून ठेवता येते: वरची पातळी आरशासारखी, खालच्या पातळ्या उत्तरोत्तर धूसर. दुसरी बेरीज फक्त पाहण्याच्या कोनावर आणि रफनेसवर अवलंबून राहते. तिच्यातून फ्रेनेल (कोनाप्रमाणे बदलणारं परावर्तन) वेगळं काढलं की दोनच आकडे उरतात, एक मूळ परावर्तनाला (अगदी समोरून पाहताना होणाऱ्या परावर्तनाला) गुणायचा आणि एक मिळवायचा. १२८ गुणिले १२८ चं, दोन चॅनेलचं, १६ बिटांचं टेक्स्चर त्याला पुरतं. त्याची जागा फक्त ६४ किलोबाइट. अशा रीतीने ३२ वाचनांची दोन झाली.

फोनवर ते दुसरं वाचनही वाचवता येतं. त्या दोन आकड्यांना जवळपास जुळणारं छोटं सूत्र दिमितार लाझारोव यांनी २०१३ मध्ये दिलं, आणि करिस यांनी मोबाइलसाठी त्याची सोपी आवृत्ती केली. तुमच्या चिपवर टेक्स्चर वाचण्याची रांग भरलेली असेल तर सूत्र घ्या, गणिताचे एकक भरलेले असतील तर टेक्स्चर. प्रोफाइलर सांगेल. क्यूबमॅपच्या मिप पातळ्या मात्र घाईने करू नका. ते काम एकदाच, डेस्कटॉपवर होणार आहे, म्हणून प्रत्येक टेक्सेलला (टेक्स्चरमधल्या पिक्सेलला) हजारांनी नमुने घ्या. आणि प्रत्येक नमुना मूळ क्यूबमॅपच्या योग्य त्या धूसर पातळीवरून वाचा, नाहीतर तेच पांढरे ठिपके आता कायमचे टेक्स्चरमध्ये जाऊन बसतील. २५६ बाजूचा क्यूबमॅप, टेक्सेलला ४ बाइटच्या तरंगत्या स्वरूपात, सगळ्या पातळ्यांसकट दोन मेगाबाइटच्या आसपास होतो. दिवाणखान्याला असे दोन-तीन पुरेत.

या युक्तीची एक मर्यादा तुमच्या फरशीवर दिसेल. मिप पातळ्या भरताना आपण असं धरतो की पाहणारा पृष्ठभागाच्या बरोबर समोर उभा आहे. त्यामुळे तिरप्या नजरेने पाहिलेल्या दगडी फरशीवर खिडकीचं प्रतिबिंब जसं लांब, ओघळल्यासारखं ताणलेलं दिसायला हवं, तसं ते ताणलं जात नाही. पण दिव्यांची चकाकी आपण जीजीएक्सच्या थेट सूत्राने काढतो आणि त्या सूत्रात हा ताण आपोआप येतो. फरशीवर दिव्यांच्या लांबट रेघा उमटल्या की डोळा खिडकीला माफ करतो. म्हणूनच दिव्यांची चकाकी क्यूबमॅपवर सोपवू नका. आणि एकदा थेट सूत्राने काढली, की क्यूबमॅप टिपताना ज्योती विझवून ठेवा, नाहीतर त्याच दिव्याची चकाकी दोनदा मोजली जाईल. ही चूक मी इतरांच्या दृश्यांत फार वेळा पाहतो. पितळ उगाच जास्त झळाळतं आणि मग लोक रफनेस वाढवत बसतात.

बंद खोलीत क्यूबमॅपचा आणखी एक प्रश्न असतो. क्यूबमॅप असं समजतो की भोवतालचं सगळं अनंत अंतरावर आहे. त्यामुळे चालताना फरशीतली प्रतिबिंबं खांबांच्या पायाशी जुळत नाहीत, घसरत राहतात. दिवाणखाना चौकोनी आहे हे तुमचं भाग्य: परावर्तनाचा किरण खोलीच्या पेटीला कुठे छेदतो ते काढा आणि क्यूबमॅपच्या केंद्रापासून त्या छेदबिंदूकडे जाणारी दिशा वापरा. चार-सहा ओळींचं गणित आहे, आणि फरशी एकदम जमिनीला चिकटल्यासारखी वाटायला लागते. लाकडी पेटाऱ्याखाली, जिथे आकाश पोचूच शकत नाही, तिथेही क्यूबमॅप उजेड टाकत राहील. त्यासाठी आधीच मोजून ठेवलेली अवरोधाची (भोवतालचा किती भाग झाकला आहे याची) किंमत चकाकीलाही लावा. गुळगुळीत पृष्ठभागाला कमी, खडबडीतला जास्त.

थेट दिव्यांकडे वळू. विखुरलेला भाग लाइटमॅपमध्ये गेला, त्यामुळे वीस दिव्यांच्या लूपमध्ये आता फक्त चकाकी उरली. तरीही प्रत्येक पिक्सेलने वीसही दिवे पाहायची गरज नाही. ओल्सन, बिलेटर आणि आसार्सन यांनी २०१२ मध्ये मांडलेली क्लस्टरची पद्धत वापरा. कॅमेऱ्यासमोरची जागा आडवे १६, उभे ८ आणि कॅमेऱ्यापासून आत खोलवर २४ अशा घनांमध्ये वाटून घ्या, आत जाणारे थर जवळ पातळ आणि दूर जाड. प्रत्येक घनात कोणते दिवे पोचतात एवढंच नोंदवायचं. तुमचे दिवे ३२ च्या आत आहेत, म्हणून प्रत्येक घनाला एक ३२ बिटांचा पूर्णांक पुरतो, प्रत्येक दिव्याला एक बिट. ३०७२ घन, सगळी यादी १२ किलोबाइट. ती सीपीयूवर दर फ्रेमला बनवली तरी चालते, कॉम्प्युट शेडरचीही गरज नाही. शेडरमध्ये जे बिट उभे आहेत तेवढ्याच दिव्यांचं लूप.

यासाठी दिव्याला सीमा हवी. अंतराच्या वर्गाने भागलेला प्रकाश कधीच शून्य होत नाही, म्हणून त्याला पल्ल्यापाशी शून्य होणाऱ्या एका गुणकाने गुणा: अंतर भागिले पल्ला, त्याचा चौथा घात, एकातून वजा, ऋण आलं तर शून्य, आणि त्याचा वर्ग. पल्ल्याच्या काठावर प्रकाश अलगद शून्यावर येतो आणि जवळच्या भागात वर्गाचा नियम जवळपास अबाधित राहतो. शेजारचे पिक्सेल वेगवेगळ्या घनांत पडले की जीपीयूवर एकत्र चालणाऱ्या धाग्यांचे मार्ग फुटतात. तुमची चिप सबग्रुपच्या क्रिया (एकत्र चालणाऱ्या धाग्यांत माहिती वाटण्याची सोय) देत असेल तर गटातल्या सगळ्यांचे पूर्णांक 'किंवा' ने एकत्र करा. काही धागे एखादा दिवा उगाच मोजतील, पण सगळे एकाच वाटेने चालतील आणि दिव्याची माहिती गटाला एकदाच वाचावी लागेल.

आता फोनवरची सगळ्यात मोलाची गोष्ट, अचूकता. मोबाइल चिपवर १६ बिटांचं गणित बहुधा दुप्पट वेगाने होतं आणि रजिस्टर निम्मे लागतात. रजिस्टर कमी लागले की एका वेळी जास्त धागे जिवंत राहतात, आणि टेक्स्चरची वाट पाहण्याचा वेळ झाकला जातो. म्हणून रंग, नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा), रफनेस हे सगळं १६ बिटांत ठेवा. पण जागेचे निर्देशांक कधीही नाही: १६ ते ३२ मीटरच्या टप्प्यात १६ बिटांच्या दोन लगतच्या संख्यांमधलं अंतर दीड सेंटिमीटरहून जास्त असतं.

आणि जीजीएक्सच्या छेदात एक खाच आहे. तिथे नॉर्मल आणि मधला सदिश (दिवा आणि डोळा यांच्या मधोमधची दिशा) यांच्या बिंदुगुणाकाराचा वर्ग एकातून वजा होतो. चकाकीच्या केंद्राशी तो वर्ग एकाच्या अगदी जवळ असतो, आणि एकाच्या लगत खाली १६ बिटांच्या संख्यांची पायरी ०.०००५ ची असते. रफनेस ०.१ असेल तर अल्फा, म्हणजे रफनेसचा वर्ग, ०.०१ आणि त्याचा वर्ग ०.०००१. म्हणजे जी गोष्ट मोजायची आहे ती मोजपट्टीच्या सगळ्यात बारीक खुणेहूनही लहान. परिणाम असा की समईवरची चकाकी गुळगुळीत न दिसता वर्तुळांच्या थरांसारखी दिसते. यावरचा उपाय फार सुंदर आहे, आणि गूगलच्या फिलामेंट इंजिनमध्ये तो वापरला आहे: एक वजा बिंदुगुणाकाराचा वर्ग म्हणजेच दोन्ही एकक सदिशांच्या सदिश गुणाकाराच्या लांबीचा वर्ग. तो थेट काढला की वजाबाकीच उरत नाही आणि अचूकता परत मिळते. त्याच इंजिनमध्ये मोबाइलसाठी रफनेसची किमान मर्यादा ०.०८९ ठेवली आहे. तुम्हीही ठेवा. खऱ्या पितळी समईवर बोटांचे ठसे आणि तेलाचा थर असतोच, ती आरसा नसते.

सूत्राचे बाकीचे भाग लवकर उरकतात. फ्रेनेलसाठी श्लिक यांचं १९९४ चं सूत्र, आणि पाचवा घात पॉव या फंक्शनने न काढता वर्गाचा वर्ग गुणिले मूळ संख्या असा. सूक्ष्म उंचवट्यांच्या एकमेकांवरच्या सावलीसाठी स्मिथच्या सूत्राचं उंचीशी जोडलेलं रूप. त्यातली दोन वर्गमुळं टाळायची असतील तर अर्ल हॅमन यांनी २०१७ मध्ये दाखवलेलं रूप घ्या, त्यात एक सरळ मिश्रण आणि एक भागाकार पुरतो. डोळ्याला फरक कळत नाही.

कोरीव खांबांवर चालताना जी चमचम होते, ती नमुन्यांच्या ठिपक्यांहून वेगळी आहे आणि ती एमएसएए या कडा गुळगुळीत करणाऱ्या सोयीने जाणार नाही. एमएसएए त्रिकोणांच्या कडा सांभाळतो, शेडरच्या आतली चकाकी नाही. दूरचा नॉर्मल मॅप (बारीक उंचवट्यांच्या दिशा साठवणारं टेक्स्चर) एका पिक्सेलमध्ये अनेक दिशा कोंबतो. मिप पातळी त्यांची सरासरी काढून एकच गुळगुळीत दिशा देते आणि खडबडीतपणा हरवतो. तो रफनेसमध्ये परत घालायला हवा. शेजारच्या पिक्सेलांमध्ये नॉर्मल किती बदलतं ते डेरिव्हेटिव्हने (लगतच्या पिक्सेलांमधला फरक देणाऱ्या फंक्शनने) काढा आणि त्या फरकाच्या प्रमाणात अल्फाचा वर्ग वाढवा, एका मर्यादेपर्यंत. नॉर्मल मॅपपुरतं हेच काम आधी करायचं असेल तर मिप पातळ्या बनवतानाच, सरासरी नॉर्मलची लांबी किती घटली ते पाहून रफनेसच्या टेक्स्चरमध्ये भर घाला. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण चालू असताना त्याला काहीच पडत नाही. त्याच खांबांबद्दल अजून एक: जीपीयू पिक्सेल २ गुणिले २ च्या चौकडीने रंगवतो. एका पिक्सेलएवढा त्रिकोणही चारांचा खर्च घेतो. दूरच्या कोरीव कामाला कमी त्रिकोणांचं मॉडेल दिलंत तर प्रकाशाचा खर्च तिथेही उतरेल.

डिफर्ड करावं का, म्हणजे पृष्ठभागाची माहिती आधी बफरमध्ये लिहून प्रकाश नंतर मोजावा का, असंही तुम्ही विचारलं होतं. डेस्कटॉपवर कदाचित हो, इथे नाही. चार बफर, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे फुल एचडीला ३३ मेगाबाइट लिहायचे आणि तेवढेच वाचायचे. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तरी दोन्ही मिळून २ गिगाबाइट होतात, आणि फोनमध्ये मुख्य मेमरीपर्यंतची ही ये-जा बॅटरी आणि तापमान दोन्ही खाते. फोनची चिप पडदा छोट्या टाइल्समध्ये वाटून चिपवरच्याच मेमरीत रंगवते. फॉरवर्ड पद्धतीत (वस्तू रंगवतानाच प्रकाश मोजण्यात), क्लस्टरसह, सगळं त्या टाइलमध्येच संपतं आणि चार पटींचा एमएसएए तुलनेने स्वस्तात मिळतो. टोन मॅपिंगही (मोजलेलं तेज पडद्याच्या मर्यादेत बसवणं) वेगळ्या पासमध्ये न करता शेडरच्या शेवटच्या ओळींतच करा, म्हणजे १६ बिटांचं पूर्ण चित्र बाहेर लिहावंच लागणार नाही. खिडक्यांच्या जाळीला मात्र जपा. डिस्कार्ड (पिक्सेल टाकून देण्याची आज्ञा) वापरलेला शेडर चिपची लपलेले पिक्सेल आधीच वगळण्याची सोय बिघडवतो. जाळी सगळ्या घन वस्तूंनंतर रंगवा.

रंगांच्या किमतींवर एक परिच्छेद खर्च करतो, कारण त्या चुकल्या तर वरची सगळी मेहनत दिसत नाही. सगळं गणित रेषीय प्रकाशात व्हायला हवं. रंगाची टेक्स्चर एसआरजीबी (पडद्यासाठीचं, रेषीय नसलेलं रंगमाप) म्हणून जाहीर केली की रूपांतर हार्डवेअर करतं. पितळेचं मूळ परावर्तन रेषीय मापात साधारण ०.९, ०.७८, ०.४२ आणि विखुरणं शून्य. लाकूड, दगड, चुना यांचं मूळ परावर्तन ०.०४, बिनरंगी. तुमच्या काळ्या दगडाचा रंग पूर्ण शून्य ठेवला आहे, तो वर आणा. घोटलेला दगडही थोडा प्रकाश विखुरतो, आणि शून्यावर लाइटमॅपचा सगळा बारीकपणा गडप होतो. खांबांच्या पॉलिशसाठी वरचा वेगळा थर द्यायचा मोह होईल. त्यात चकाकीचं सगळं गणित दुप्पट होतं. फोनवर फक्त लाकडाचा रफनेस उतरवा, बहुतेक काम त्यात होतं.

रे ट्रेसिंगबद्दल: ते फोनमध्ये नको, तुमच्या टेबलावरच्या संगणकावर हवं. २०१८ पासून डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डांत त्याचं हार्डवेअर आहे, आणि लाइटमॅप, प्रोब, अवरोध हे सगळं त्यावर भराभर मोजून होईल. मध्यम किमतीच्या फोनवर दर फ्रेमला किरण सोडण्यापेक्षा तो वेळ रेझोल्यूशनला द्या.

त्याच संगणकावर एक चाचणी आधी करून घ्या. चारही बाजूंनी तेज १ असलेल्या कोऱ्या पांढऱ्या भोवतालात धातूचा एक गोळा ठेवा, मूळ परावर्तन १. रफनेस कितीही असो, तो गोळा पार्श्वभूमीत दिसेनासा व्हायला हवा, कारण आलेला सगळा प्रकाश तो परत देतो. तुमच्या आत्ताच्या शेडरमध्ये खडबडीत गोळा राखाडी दिसेल. जीजीएक्स सूक्ष्म उंचवट्यांवरून एकदाच उसळलेला प्रकाश मोजतं, दुसऱ्यांदा उसळलेला टाकून देतं. भरपाई सोपी आहे: वरच्या छोट्या टेक्स्चरमधल्या दोन आकड्यांची बेरीज घ्या, एकाला तिने भागा, त्यातून एक वजा करा, मूळ परावर्तनाने गुणा, एक मिळवा आणि आलेल्या संख्येने चकाकीला गुणा. गोळ्याच्या कडेला किंवा मधोमध एखादं बारीक कडं उरलं तर त्या टेक्स्चरचं रॅपिंग (कडेबाहेर काय वाचायचं याचा नियम) रिपीटवर राहिलं आहे, ते क्लँपवर, म्हणजे कडेचीच किंमत धरण्यावर, न्या. रफनेसची दिशा उलट वाटत असेल तर टेक्स्चर उभं उलटं भरलं आहे. धातूचा गोळा साफ झाला की तिथेच पांढऱ्या चुन्याचा गोळा ठेवा, मूळ परावर्तन ०.०४. त्याची कड पार्श्वभूमीपेक्षा उजळ दिसली तर चकाकीने घेतलेला प्रकाश विखुरण्यातून वजा करायचा राहिला आहे. हे दोन्ही गोळे जुळल्यावरच समईला हात घाला.